फॉन्डलचं 'पालामेडेस': एकाचंही नाव न घेता लिहिलं, तरी बंदी का आली?

शाईपुसणी

नमस्कार मंडळी. आम्ही चार वर्षांपासून आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टलव्हेनला राहतो. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन फॉन्डलपार्कात जाणं ठरलेलं. तिथे दगडी चौथऱ्यावर एक गृहस्थ हातात लेखणी घेऊन बसलेले आहेत. आधी बागेचं नाव वेगळं होतं. १८६७ मध्ये हा पुतळा बसवला आणि लोक पुतळ्यावरूनच बागेला हाक मारू लागले. इतकी वर्षं मी त्या पुतळ्यापाशी डबे उघडले, पण हा माणूस कोण हे कधी विचारलं नाही.

यंदा डच भाषेच्या वर्गात बाईंनी त्याच्यावर एक तास घेतला. योस्ट फान दन फॉन्डल, जन्म १५८७, कलोनचा. आईवडील अँटवर्पहून परागंदा झालेले मेनोनाइट, म्हणजे एका छोट्या प्रॉटेस्टंट पंथाचे. वार्मूस्ट्राटवर मोज्यांचं दुकान, आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर काव्यलेखन. १६२५ मध्ये त्याने 'पालामेडेस' हे पद्यनाटक छापलं. गोष्ट ग्रीक आहे. ट्रॉयच्या छावणीत युलिसिस पालामेडेस नावाच्या एका भल्या माणसाच्या तंबूत सोनं पुरतो, खोटं पत्र तयार करतो आणि त्याला देशद्रोही ठरवतो. सैन्य त्याला दगडांनी ठेचून मारतं. सगळं नाटक वाचलं तरी हॉलंडमधल्या एकाही माणसाचं नाव सापडत नाही. तरीही पुस्तक जप्त झालं, फॉन्डलला नातेवाइकांकडे आणि मित्रांकडे लपून राहावं लागलं आणि शेवटी ३०० गिल्डर दंड झाला.

माझे प्रश्न दोन. नाव न घेता लिहिलेल्या पुस्तकावर खटला भरलाच कसा? आणि हे काव्य धर्मावर उठलं होतं की सत्तेवर? वर्गात दोन्ही बाजूंनी बोलणारे होते आणि तास संपला. माझ्या मनातून मात्र विषय जात नाही.

निवांत

वाचतोय. जाणकार येतीलच.

जुनाबाजार

धागा आवडला. नाव घेतलं नव्हतं हे खरं, पण १६२५ साली आम्स्टरडॅममधल्या पोरासोरांनाही कळत होतं की पालामेडेस म्हणजे हॉलंडचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट आणि ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन म्हणजे राजपुत्र मॉरिट्स.

थोडी पार्श्वभूमी देतो. लायडन विद्यापीठात दोन प्राध्यापक होते, आर्मिनियस आणि गोमारुस. दोघेही प्रॉटेस्टंट, दोघेही एकाच चर्चचे. वाद असा की तारण कोणाचं होणार हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवून टाकलंय, की माणसाच्या विश्वासाला त्यात काही जागा आहे? गोमारुस म्हणे देवाचा निर्णय आधीचा आणि अटळ. आर्मिनियस म्हणे देवाची कृपा सगळ्यांसाठी आहे आणि माणूस ती नाकारू शकतो. आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन प्रांताच्या सभेला दिलं. निवेदन म्हणजे रेमॉन्स्ट्रन्स, म्हणून ते रेमॉन्स्ट्रंट आणि समोरचे काँट्रा-रेमॉन्स्ट्रंट.

हे प्राध्यापकांचं भांडण वर्गातच राहिलं असतं. पण त्याच वर्षी, १६०९ मध्ये, स्पेनशी बारा वर्षांचा तह झाला. तह घडवून आणला हॉलंडचा मुख्य मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट याने, आणि सेनापती मॉरिट्सला तह नको होता. ओल्डनबार्नेफेल्टने रेमॉन्स्ट्रंटांना सांभाळून घेतलं, तर मॉरिट्स १६१७ मध्ये उघडपणे दुसऱ्या बाजूच्या चर्चमध्ये उपासनेला जाऊन बसला. १६१८ च्या ऑगस्टात ओल्डनबार्नेफेल्टला अटक झाली. नोव्हेंबरात डॉर्डरेख्टची धर्मसभा भरली. १४ जानेवारी १६१९ ला अध्यक्ष बोगरमन याने रेमॉन्स्ट्रंटांना 'चालते व्हा' म्हणून सभेबाहेर काढलं. १३ मे ला हेगला ७१ वर्षांच्या ओल्डनबार्नेफेल्टचं डोकं उडवलं. नंतर दोनशेच्या आसपास रेमॉन्स्ट्रंट पाळकांना पदावरून काढून टाकण्यात आलं.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: सत्तेवर. धर्म हे निमित्त.

चर्चगल्ली

जुनाबाजार, माहिती छान दिलीत, पण 'धर्म हे निमित्त' याच्याशी मी सहमत नाही.

मी नगरची. आजोबा पाळक होते, आमच्याकडे चर्चला देऊळ म्हणत. आमची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतली, आणि त्या परंपरेचं मूळ काल्विनकडे, म्हणजे गोमारुसच्या बाजूच्या मूळ गुरूकडे जातं. माझी मावशी लग्न होऊन मेथडिस्ट घरात गेली. मेथडिस्ट म्हणजे वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाचे, आणि वेस्लीने तर आपल्या मासिकाच्या नावातच आर्मिनियसला बसवलं होतं. नाताळात सगळे एकत्र जमले की जेवणं झाल्यावर आजोबा आणि मावशीचे सासरे ओट्यावर बसून रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढायचे. 'ज्यांना त्याने पूर्वी नेमून ठेवले' या शब्दांवर दोघे अडायचे. रात्रीचे अकरा वाजायचे. आजी आतून हाक मारायची, 'देवाने ठरवलंय म्हणून झोपा किंवा स्वतःच्या मर्जीने झोपा, पण आता दिवा घालवा.'

तो वाद त्या दोघांना निमित्त नव्हता. माझ्या आजोबांची दोन मुलं लहानपणी गेली होती. ती कुठे आहेत हा प्रश्न त्यांना रोजचा होता. १६१८ च्या हॉलंडमधल्या घराघरात हा प्रश्न किती मोठा असेल, विचार करा.

निवांत

आजींना दंडवत. धर्मसभेच्या अध्यक्षपदी त्याच हव्या होत्या.

मात्रावृत्त

शाईपुसणी, पालामेडेसच्या आधीची एक छोटी कविता वर्गात घेतली का? १६१८ मध्ये एक छापील चित्र निघालं होतं. मध्ये भला मोठा तराजू आणि खाली फॉन्डलच्या ओळी. एका पारड्यात, गोमारुसच्या बाजूने, काल्विन आणि त्याचा वारसदार बेझा यांचे ग्रंथ. दुसऱ्यात आर्मिनियसच्या बाजूने ओल्डनबार्नेफेल्टचा झगा, नगरसभेची गादी आणि शहरांच्या हक्कांच्या सनदा. आर्मिनियसचं पारडं खाली जायला लागतं, तेवढ्यात मॉरिट्स येतो आणि गोमारुसच्या पारड्यात तलवार टाकतो. संपलं.

मूळ ओळी छोट्या, सात-सात अक्षरांच्या, जोडीजोडीने यमक असलेल्या. रस्त्यात म्हणता येतील अशा. मी अष्टाक्षरीत आणायचा प्रयत्न केला आहे:

गोमर, आर्मिन दोघे
दरबारी भांडायला,
खरी श्रद्धा कोणापाशी
तराजूत मोजायला.

बेझा-काल्विन इकडे,
तिकडे वकिली झगा,
सभेची ती मऊ गादी,
सनदाही ठेवी बघा.

गोमरचे हलके ते
पारडे वरती गेले,
तोच राजपुत्राने त्या
पोलादाने जड केले.

लोखंडाच्या भारापुढे
बाकी उडाले क्षणात,
गोमरच्या बाहुलीची
पूजा, आर्मिनला लाथ.

शेवटचं यमक पक्कं बसलेलं नाही. कोणाला सुचलं तर सांगा.

शाईपुसणी

मात्रावृत्त, काय सुंदर! वर्गात हे चित्र दाखवलं होतं, पण भाषा जुनी असल्याने अर्धं डोक्यावरून गेलं. आज कळलं.

ओलीछत्री

'जड लोखंडाला कोण / देणार तोलात साथ?' असं केलं तर? साथ आणि लाथ जुळतात.

मात्रावृत्त

ओलीछत्री, जमलं! तुमचीच ओळ घेतो.

यावरून एक मुद्दा मांडतो. या कवितेत आर्मिनियस बरोबर आणि गोमारुस चूक असं कुठेही म्हटलेलं नाही. धर्माचा कौल तलवारीने लागला, एवढंच म्हटलंय. गोमारुसला तर कवी 'बिचारा' म्हणतो. म्हणून जुनाबाजारांचं म्हणणं इथे पटतं.

मुद्दई

पेशाने वकील आहे, पहिल्या प्रश्नाला हात घालतो. जरा लांबेल.

पालामेडेस छापलं गेलं तेव्हा मॉरिट्स जाऊन काही महिनेच झाले होते (२३ एप्रिल १६२५). फॉन्डलचं पहिलं चरित्र ब्रांट याने १६८२ मध्ये लिहिलं. त्यातली गोष्ट अशी: कवी वर लिहीत बसलेला, बायको जिन्याखालून ओरडली, 'अहो, राजपुत्र मरायला टेकलाय.' हा वरून म्हणाला, 'मरू दे, मी त्याच्या मरणाचीच घंटा वाजवतोय.' आणखी एक गोष्ट ब्रांटच सांगतो. ओल्डनबार्नेफेल्टवर नाटक लिही असं आम्स्टरडॅमच्या आल्बर्ट बुर्ख याने सुचवलं. फॉन्डल म्हणाला, अजून वेळ आलेली नाही. बुर्ख म्हणाला, मग दुसऱ्या नावाने लिही. हा बुर्ख शहराच्या कारभाऱ्यांपैकीच होता, हे लक्षात ठेवा.

पुस्तक निघाल्यावर हेगच्या न्यायालयाने मागणी केली की आरोपीला आमच्या ताब्यात द्या. हेगला गेला असता तर काय झालं असतं? सहा वर्षांपूर्वी तिथेच एका म्हाताऱ्याचं डोकं उडवलेलं. आम्स्टरडॅमने नकार दिला. आमच्या नागरिकाचा न्याय आमच्याच पंचांपुढे होईल, हा शहराचा जुना हक्क. त्या पंचांनी ३०० गिल्डर दंड केला आणि प्रकरण मिटवलं. आमच्या धंद्यात याचा अर्थ लगेच कळतो. शिक्षा झालेली आहे, म्हणजे आता दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तो दंड मला कवीभोवती घातलेलं कुंपण वाटतो.

आणि गंमत बघा. ओल्डनबार्नेफेल्टचा बचावही हाच होता. तो म्हणत होता, मी हॉलंड प्रांताचा नोकर, माझा न्याय हॉलंड करेल, सर्व प्रांतांची मध्यवर्ती सभा मला हात लावू शकत नाही. त्यांनी खास न्यायालय बसवलं. २४ न्यायाधीश, निम्मे हॉलंडचे आणि निम्मे इतर प्रांतांचे. जो हक्क त्याला नाकारला, त्याच जातीच्या हक्काने त्याच्यावर नाटक लिहिणारा वाचला. मात्रावृत्तांच्या अनुवादातली 'सनदाही ठेवी बघा' ही ओळ परत वाचा. त्या सनदा म्हणजे हेच.

निवांत

मुद्दई, टाळ्या.

जुनाबाजार

मुद्दईंना अनुमोदन. बंदीने पुस्तक मेलंही नाही. पहिली आवृत्ती हातोहात संपली आणि पुढे पुन्हा पुन्हा छापलं गेलं. रंगमंचावर यायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षं लागली. दुकानातलं पुस्तक काखेत लपतं, नाटकाला हजार डोळे लागतात.

कोकणवारा

अवांतर होईल, पण राहवत नाही. मी वेंगुर्ल्याचा. आमच्या गावात डच वखार आहे. १६३७ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं होतं तिथे. लहानपणी आम्ही तिच्या भिंतींवर चढून कैऱ्या खायचो. चिरे निखळलेले, आतून वडाची मुळं उतरलेली, पण कमान तशीच. ही कंपनी १६०२ मध्ये सगळ्या छोट्या कंपन्या एकत्र करून उभी केली ती याच ओल्डनबार्नेफेल्टने! शाळेत 'डच व्यापारी आले' एवढंच शिकवलं होतं. ज्याने कंपनी जमवली त्यालाच सतरा वर्षांत फासावर चढवलं हे आज कळलं.

जुनाबाजार

फाशी नाही, शिरच्छेद. बाकी बरोबर. आणि कंपनीचा एक धागा फॉन्डलच्या घरातही आहे. त्याच्या मुलाने, याचंही नाव योस्टच, मोज्यांचा धंदा बुडवला. त्याला १६५९ मध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर चढवलं, तो वाटेतच वारला. बापाने कर्ज फेडण्यासाठी सत्तरी उलटल्यावर आम्स्टरडॅमच्या सरकारी गहाणपेढीत कारकुनी धरली. वर्षाला ६५० गिल्डर, दहा वर्षं. दिवसभर लोकांचे कोट आणि भांडी गहाण म्हणून लिहून घ्यायची. देशाचा सगळ्यात मोठा कवी.

शाईपुसणी

हे वर्गात सांगितलं नव्हतं. पुतळ्याकडे आता वेगळ्या नजरेने बघितलं जाईल.

ओलीछत्री

मी एडिंबरोला असते. इथे याचाच एक चुलतभाऊ आहे. इथल्या रॉबर्ट बर्न्स या कवीने १७८५ मध्ये मॉकलिन गावच्या चर्चच्या कारभारी मंडळातल्या एका वडीलधाऱ्याच्या तोंडी एक प्रार्थना घातली. तो माणूस देवाला म्हणतो, तू तुझ्या मर्जीने एकाला स्वर्गात आणि दहांना नरकात पाठवतोस, आणि मी त्या एकातला. मग स्वतःची पापं सांगतो, ती तूच माझ्या अंगी दिली असशील म्हणतो, आणि शेवटी शेजाऱ्याच्या कोबी-बटाट्यांना शाप देतो. तिथे बंदीची गरजच पडली नाही, कारण कवीने स्वतःच पहिल्या संग्रहात ती घेतली नाही. हस्तलिखितातून गावभर फिरत राहिली.

मला वाटतं, एखाद्या सिद्धांताची थट्टा करायला पद्य का लागतं, याचं उत्तर इथे आहे. प्रवचन दोन तासांचं असतं, ओवी दोन श्वासांची.

चर्चगल्ली

ओलीछत्री, बर्न्सची कविता मी वाचली आहे, आणि हसूही आलं. पण तिथे थट्टा ढोंगी माणसाची आहे. फॉन्डलने १६३१ मध्ये जी कविता लिहिली, 'डेक्रेटुम होरिबिले', ती खुद्द सिद्धांतावर आहे. शाईपुसणींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे शोधायला हवं. काल्विनने स्वतःच लिहिलंय की देवाचा हा निर्णय भयंकर आहे, हे मी मान्य करतो. फॉन्डलने ते दोन शब्द उचलले आणि कवितेच्या डोक्यावर लावले. सुरुवातच अशी की देव निष्पाप बाळाला आईच्या छातीपासून ओढून काढतो आणि कायमच्या आगीत फेकतो. हे मानायचं का, असं तो विचारतो.

आता मी आजोबांच्या बाजूने बोलते. हे अन्यायाचं आहे. डॉर्डरेख्टच्या सभेच्या निर्णयातच, पहिल्या प्रकरणाच्या सतराव्या कलमात, स्पष्ट लिहिलंय की देवभीरू आईवडिलांनी बालपणी गेलेल्या आपल्या मुलांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल शंका धरू नये. आजोबांनी हे कलम एका कागदावर लिहून बायबलात ठेवलं होतं. कागद घडीवर फाटला होता, इतक्या वेळा उघडलेला. फॉन्डल हुशार होता, त्याला हे कलम माहीत नसेल असं मला वाटत नाही. तरी त्याने सोडून दिलं.

आणि काल्विनचा तो लॅटिन शब्द 'अंगावर काटा आणणारा' या अर्थाचा आहे, 'नीच' या अर्थाचा नाही.

मात्रावृत्त

चर्चगल्ली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सतरावं कलम मला माहीत नव्हतं. त्या कागदाबद्दल लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

फॉन्डलच्या बाजूने एवढंच म्हणेन की ते कलम देवभीरू आईवडिलांच्या मुलांपुरतं आहे. बाकीच्यांच्या मुलांचं काय? फॉन्डल मेनोनाइट घरातला. त्यांच्यात बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, मोठं झाल्यावर स्वतःच्या कबुलीने घेतात. समोरच्या पाळकाच्या लेखी त्याच्या घरातलं बाळ कुठे बसत होतं?

निवांत

त्याचं मूल गेलं होतं ना? त्या दुःखातून ही कविता आली असं कुठेतरी वाचलंय.

मात्रावृत्त

क्रम उलटा आहे, निवांत. कविता १६३१ ची. मुलगा कॉन्स्टंटाइन गेला १६३२ मध्ये, आणि लाडकी मुलगी सार्त्ये १६३३ मध्ये. मुलगा गेल्यावर त्याने छोटी कविता लिहिली. त्यात बाळ वरून, देवदूतांमधून, खालच्या जगातल्या पोकळ गोष्टींना हसतंय आणि आईला विचारतंय, का रडतेस? मला हे फार मोठं वाटतं. वर्षापूर्वी वादात जे म्हटलं, ते स्वतःच्या अंगणात आल्यावर त्याने सोडलं नाही. बाळाला सरळ स्वर्गात बसवलं, कोणाची परवानगी न विचारता.

चर्चगल्ली

हे वाचून थांबले. आजोबांना ही कविता दाखवायला हवी होती.

जुनाबाजार

मी माझं 'धर्म हे निमित्त' मागे घेतो. मॉरिट्सला ते निमित्त असेल. फॉन्डलला नव्हतं, आणि समोरच्यांनाही नव्हतं.

कोकणवारा

पाळकांवर थेट काही लिहिलं का त्याने? की कायम ग्रीक मुखवटे?

जुनाबाजार

भरपूर, आणि थेट. १६२७ मध्ये आम्स्टरडॅमच्या कडव्या पाळकांवर गाणं केलं, त्यात सगळे पाळक खुराड्यातले कोंबडे. शीर्षकातच 'रोमेलपॉट'. हे पोरांचं वाद्य आहे. मडक्याच्या तोंडावर डुकराचा मूत्राशय ताणून बांधायचा, मधोमध बोरूची काडी खुपसायची आणि ओल्या बोटांनी काडी वरखाली घासायची. घुर्र घुर्र असा आवाज येतो. उपासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या सणाला पोरं ते घेऊन दारोदार पैसे मागत फिरायची. म्हणजे कवीने शहराच्या व्यासपीठांवरचा सगळा गोंगाट त्या मडक्यात कोंबला. १६३० च्या जानेवारीत त्यातल्या सगळ्यात भडक पाळकाला, स्मौट याला, शहरानेच हद्दपार केलं. त्याच साली फॉन्डलने 'हार्पून' आणि 'रोस्काम' लिहिलं. रोस्काम म्हणजे घोड्याला करायचा खरारा.

मुद्दई

इथेच शहराचा हेतू दिसतो. १६१९ मध्ये रेमॉन्स्ट्रंटांच्या सभांवर बंदी आली. आणि १६३० मध्ये त्याच आम्स्टरडॅमात काइझरग्राख्टवर घरांच्या रांगेमागे त्यांचं चर्च उभं राहिलं. रस्त्यावरून दिसायचं नाही एवढी एकच अट. कारभारी बदलले की कायदा तोच राहतो, डोळे मिटायची तऱ्हा बदलते.

शाईपुसणी

ती इमारत मी पाहिली आहे! आता तिथे व्याख्यानं आणि कार्यक्रम होतात. बाहेरून घरच वाटतं, आत गेलं की एकदम उंच सभागृह आणि वर लाकडी सज्जे. तिथे उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

ओलीछत्री

ह्युगो ग्रोशियसचा उल्लेख अजून कसा नाही आला? ओल्डनबार्नेफेल्टबरोबर पकडलेला हा विद्वान, जन्मठेप झालेला, लूफेस्टाइनच्या किल्ल्यात. त्याच्यासाठी पुस्तकांची पेटी ये-जा करायची. मार्च १६२१ मध्ये बायको मारिया हिने त्यालाच पेटीत झोपवलं. मोलकरीण एल्स्ये पेटीबरोबर गेली. शिपाई उचलताना म्हणाले, इतकी जड कशी, आत आर्मिनियन बसलाय का? मारिया म्हणाली, हो, आर्मिनियन पुस्तकं आहेत.

निवांत

ग्रंथ हेच गुरू म्हणतात. इथे ग्रंथ हेच वाहन.

कोकणवारा

निवांत, लाखात एक! आणि पुन्हा वजनाचीच गोष्ट. तराजूपासून पेटीपर्यंत.

जुनाबाजार

एक भर. फॉन्डलवर दुसरी मोठी बंदी १६५४ मध्ये आली, 'लुसिफर' या नाटकावर, दोनच प्रयोगांनंतर. त्यात कोणाची थट्टा नाही. स्वर्ग आणि देवदूत रंगमंचावर आणले, एवढ्यावर पाळकांनी नाटक बंद पाडलं. तोवर तो कॅथलिक झाला होता, तेही त्यांना सलत असणार. छापील प्रती मात्र खपल्या.

शाईपुसणी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते.

पहिल्याचं उत्तर मला मुद्दईंनी दिलं. नाव नसल्याने खटला टळला नाही, पण नाव नसल्यामुळेच शहराला तो दंडावर मिटवता आला. ओल्डनबार्नेफेल्टचं नाव असतं तर आम्स्टरडॅमला कवीला वाचवणं जड गेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर चर्चगल्ली आणि मात्रावृत्त या दोघांनी मिळून दिलं, आणि ते एका वाक्यात मावत नाही, म्हणून लिहीत नाही.

नावावरून एक शंका राहिली. पालामेडेसच्या शीर्षकात पुढे 'खून झालेली ओनोझेलहाइट' असं आहे. आजच्या डचमध्ये 'ओनोझेल' म्हणजे बावळट. वर्गात सगळे गोंधळले होते. बाईंनी सांगितलं की तेव्हा त्याचा अर्थ निष्पाप असा होता.

आणि हो, काल वर्गात मात्रावृत्तांची अष्टाक्षरी वाचून दाखवली, ओलीछत्रींच्या ओळीसकट. बाईंना अर्थ कळत नव्हता, पण त्या टेबलावर बोटांनी अक्षरं मोजत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, आमची सात, तुमची आठ. मग 'लाथ' हा शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि स्वतः दोनदा म्हणून पाहिला.

मात्रावृत्त

हे वाचून दिवस चांगला गेला. बाईंना नमस्कार सांगा.

चर्चगल्ली

मात्रावृत्त, त्या दुसऱ्या, 'डेक्रेटुम होरिबिले' या कवितेचाही अनुवाद करा ना. मला पटत नसली तरी मराठीत वाचायची आहे. मावशीलाही पाठवेन.

मात्रावृत्त

कालच बसलो होतो. पहिल्याच ओळीत अडलो. तिथेही बाळासाठी तोच शब्द आहे, 'ओनोझेल'. 'निष्पाप' लिहिलं की पापाचा हिशोब आधी येतो आणि वाद तिथेच सुरू होतो. 'भोळं' म्हटलं की मोठ्या माणसासारखं वाटतं. 'अजाण' कसा वाटतो?

चर्चगल्ली

अजाण. हाच ठेवा.